पणजीची रात्र: कुठे बसायचं, काय प्यायचं, परत कसं जायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून पणजीला येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे तसं सांगितलं आहे. जागांची नावं मोजकीच दिली आहेत. वेळा आणि दर बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी एक फोन करून घ्या.

पणजीत रात्रीचं काही असतं का? सगळे तर बागा-कळंगुटलाच जातात.

असतं, पण त्याची चाल वेगळी. पहाटेपर्यंतचा डीजे आणि वाळूवरची गर्दी हवी असेल तर बागा-हणजुणंच बरं. पणजी हे नोकरदारांचं, दुकानदारांचं, पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या कुटुंबांचं शहर आहे. १८४३ पासून ते गोव्याची राजधानी आहे आणि आजही कचेऱ्या सुटल्या की त्याची संध्याकाळ सुरू होते. साडेसात-आठला गल्ल्या भरतात, अकराच्या सुमाराला ओसरतात. इथे लोक बसतात, बोलतात, हळूहळू पितात, नीट जेवतात. पोर्तुगीज काळातली घरं, खाडीचा वारा, फेणीचा एक ग्लास आणि शेजारच्या टेबलावर कोकणीत रंगलेला वाद, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात मिळतं. गोव्यात तीन रात्री असतील तर एक पणजीला द्याच, आणि त्या रात्री मुक्कामही पणजीतच करा. मुक्कामाचा आग्रह का, ते परतीच्या प्रश्नात सांगितलं आहे.

संध्याकाळ कुठून आणि किती वाजता सुरू करावी?

साडेपाच-सहाला, चर्च चौकातून. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांवर तेव्हा उतरतं ऊन असतं. इथे १५४१ मध्ये लहान चॅपेल होतं, आणि १६१९ मध्ये चर्चची नव्याने उभारणी झाली. तिथून दोन मिनिटांवर गार्सिया दि ओर्त बाग, म्हणजे म्युनिसिपल गार्डन. बागेच्या काठाला पहिल्या मजल्यावर क्लब वास्को द गामा आहे. १९०९ साली स्थापन झालेला हा क्लब एकेकाळी शहरातल्या प्रतिष्ठितांचा अड्डा होता. आता त्याच्या बारमध्ये बाहेरच्यांनाही बसता येतं. खिडकीजवळची जागा मिळाली तर बाग खाली दिसते. पहिला ग्लास इथे घ्यावा, घाई करू नये.

तिथून सां तोमे आणि फोंतायन्हास या लागून असलेल्या जुन्या वस्त्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. सगळा रस्ता पायी करा. गाडीतून या वस्तीचं काहीच दिसत नाही, आणि गाडी लावायला जागाही मिळत नाही.

दुपारी दोन ते चार या वेळेत मात्र काही ठरवू नका. जुन्या पद्धतीची दुकानं आणि बार दुपारच्या झोपेसाठी बंद असतात, आणि ते योग्यच आहे.

फोंतायन्हास आणि सां तोमेमध्ये नेमकं कुठे बसायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सां तोमेच्या गल्लीत जोसेफ बार आहे. एक खोली, मोजकी बाकं, भिंतीवर जुन्या वस्तू. जागा इतकी लहान की निम्मी गर्दी ग्लास हातात घेऊन दाराशी उभी असते. इथे 'तांबडे रोझा' नावाचं पेय मागतात: फेणी, कोकम, लिंबू आणि हिरवी मिरची. ज्याने कधी फेणी घेतली नाही, त्याला मी पहिल्यांदा हेच घ्यायला सांगतो. कोकणातल्या माणसाला कोकम घरचंच असतं, त्यामुळे फेणीच्या उग्र वासाशी ओळख सोपी होते. आठच्या आधी पोचा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. हा बार रात्र जागवणारा नाही. लवकर उघडतो, लवकर मिटतो.

३१ जानेवारी मार्गावर व्हेनिते आहे. लाकडी जिना चढून वर गेलं की रस्त्यावर झुकलेल्या चिंचोळ्या गॅलऱ्या लागतात, प्रत्येकीत एखादंच टेबल. जेवण साधं असतं, पण त्या गॅलरीत बसून खालची गल्ली पाहत बिअर पिणं हा पणजीतला एक खरा आनंद आहे. दोघांसाठी उत्तम. सहा-आठ जणांच्या टोळक्याला इथे आणू नये.

त्याच मार्गावरून आत एका बोळात व्हिवा पंजिम आहे, एका जुन्या घरातलं. इथे पिण्यापेक्षा जेवायला जावं: शाकुती (मसालेदार नारळी रस्सा), काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी), आंबोटतिक (आंबट-तिखट कालवण), शेवटी बेबिंका (थरांचं गोड). पंजिम इनचा पहिल्या मजल्यावरचा व्हरांडाही शांत बसण्यासाठी चांगला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन आला असाल तर ही जागा निवडा.

गेल्या काही वर्षांत वस्तीत नवे कॉकटेल बारही आले आहेत. गोव्याची जिन, घरी मुरवलेली सिरपं, मंद दिवे. त्यांतले काही खरोखर मन लावून काम करतात. तरी पहिल्या रात्री जुन्या जागा बघा, मग नव्यांनी काय उचललं आणि काय सोडलं ते कळतं.

'तावेर्ना' म्हणतात ती जागा वेगळी असते का?

हो. तावेर्ना म्हणजे वस्तीतलं दारूचं छोटं दुकान, जिथे बसूनही पिता येतं. काउंटर, मागे बाटल्यांची फळी, दोन-तीन टेबलं, कुठे भिंतीवर सां आंतोनीची तसबीर. तिथे मेनू कार्ड शोधू नका. काय आहे ते विचारायचं, मालक सांगेल. खायला उकडलेली अंडी, चणे, तळलेले बांगड्याचे तुकडे, कधी चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. मालकाला 'पात्रांव' म्हटलं तर आवडतं, बाईमाणूस असेल तर 'बाय' म्हणावं. तिथे रोज येणारी माणसं असतात, त्यांची टेबलं ठरलेली असतात. रिकामं दिसलं म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर बसण्याआधी विचारावं. आवाज खाली ठेवावा. आणि ग्लास संपल्यावर टेबल अडवून बसू नये, कारण अशा दुकानाचा धंदा चार टेबलांवर चालतो.

अशा तावेर्ना कमी होत चालल्या आहेत. मुलं दुसऱ्या कामाला लागली, जागेचे भाव वाढले. म्हणूनच जी चालू आहे तिथे जाऊन एक ग्लास घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. बऱ्याच तावेर्ना रविवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

फेणी म्हणजे नक्की काय? पहिल्यांदा कशी घ्यावी?

काजूची फेणी काजूच्या बोंडाच्या रसापासून होते, बीचा तिच्याशी संबंध नाही. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलं आणि गोव्याच्या डोंगरउतारांवर ते रुजलं. पिकून खाली पडलेली बोंडं गोळा करतात, तुडवून किंवा दाबून रस काढतात. रस आंबला की भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, घालून उकळतात. पहिल्या वेळी जी उतरते ती उर्राक, हलकी. उर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा उकळलं की फेणी. तिची कडकपणाची रूढ पातळी ४२.८ टक्के. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली. त्याआधी कितीतरी वर्षं फेणीला 'देशी दारू' या शिक्क्याखालीच वागवलं गेलं. एका भागाच्या फळातून, त्याच भागातल्या माणसांच्या कसबातून होणारं पेय आहे हे. त्याला तसा मान द्यावा.

चांगल्या फेणीचा वास लांबून येतो. पिकलेल्या बोंडाचा, थोडा उग्र. तोच तिचा स्वभाव. पहिल्यांदा घेताना तीस मिली फेणी, वर लिंबूसोडा किंवा टॉनिक, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. कोकमाबरोबरचा प्रकार वर जोसेफ बारच्या उत्तरात आला आहे. कोलामध्ये घालू नका, दोन्हीची चव जाते. सवय झाली की नुसती घेऊन बघा, लहान घोटाने, जेवणानंतर.

'फेणीने डोकं धरत नाही' असं तुम्हाला गोव्यात बरेच जण सांगतील. त्यावर विसंबू नका. दारू ती दारू, आणि फेणी व्हिस्कीइतकीच कडक असते. मध्ये मध्ये पाणी प्या.

उर्राक कधी आणि कुठे मिळते? आम्ही डिसेंबरमध्ये गेलो तर कुणीच देईना.

डिसेंबरमध्ये मिळणार नाही, कारण तेव्हा काजूला फुलोरा असतो. बोंडं मार्च ते मेच्या काळात पिकतात, तेव्हाच भट्ट्या लागतात आणि तेव्हाच ताजी उर्राक येते. ती फेणीसारखी वर्षानुवर्षं ठेवण्याची चीज नाही, म्हणून हंगामातच संपते. लिंबाचं गोड सरबत किंवा लिंबूसोडा, मीठ, मिरची आणि भरपूर बर्फ घालून उन्हाळ्याच्या संध्याकाळी घेतात. हलकी लागते म्हणून ग्लासामागून ग्लास जातो आणि उठताना कळतं. दोनवर थांबलेलं बरं. हंगामात बारमध्ये विचारलं तर फळ्यावर लिहिलेलं नसलं तरी बहुधा असते. उर्राकसाठीच यायचं तर एप्रिल निवडा. उकाडा सोसावा लागेल, पण हॉटेलं स्वस्त असतात आणि गर्दी नसते.

माडाची फेणी वेगळी का? ती पणजीत मिळते का?

ती नारळाच्या झाडाच्या सुरेपासून होते. सूर काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. माडावर रोज चढून पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, छेदण्याचं हे काम करणारे हात आता थोडे उरले आहेत. तिचं माहेर मुख्यतः दक्षिण गोवा. पणजीत ती सगळीकडे नसते, पण जुन्या बारमध्ये विचारा. काजू फेणीपेक्षा वासाला सौम्य असते.

फेणी अजिबात जमत नाही. गोव्याचं दुसरं काय घ्यावं?

किंग्ज बिअर, हलकी आणि थंड. जिन आवडत असेल तर 'स्ट्रेंजर अँड सन्स', 'ग्रेटर दॅन' आणि 'हापुसा' या तिन्ही गोव्यात तयार होतात. व्हिस्कीवाल्यांनी पॉल जॉन सिंगल माल्ट घ्यावी, तिची भट्टी दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला आहे. जेवणानंतर गोड काही हवं तर गोव्याची पोर्ट वाइन. ती फार गोड असते, लहान ग्लास पुरतो.

सोबत खायला काय? आमच्यात दोघं शाकाहारी आहेत.

मासे खाणाऱ्यांना अडचणच नाही: रवा लावून तळलेली कालवं, बांगड्याचं रेशाद (लाल मसाला भरून तळलेला), सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, म्हणजे सुकी कोशिंबीर. पण पणजीच्या रात्रीचं खरं खाणं रस्त्यावरच्या गाड्यांवर आहे. रोस ऑम्लेट खाल्ल्याशिवाय झोपू नका. ऑम्लेटवर शाकुतीसारखा गरम रस्सा ओततात, वर कांदा, लिंबू आणि सोबत पाव. चोरीस-पाव आणि कटलेट-पावही तिथेच.

शाकाहारींनी पिण्याआधीच खाऊन घ्यावं, असं मी स्पष्ट सांगतो. कॅफे भोसले, कॅफे ताटो अशा जागी भाजीपाव, मिरची भजी, बन उत्तम मिळतात, पण त्या दिवसाच्या जागा आहेत, रात्री उशिरा मिळण्याची खात्री नाही. बारमध्ये मग काजू, चणे, बटाटेवड्यांवर भागवावं लागतं. जेवायच्या हॉटेलांत अळसांद्यांची (चवळीची) उसळ, मशरूम शाकुती, खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) मिळू शकतं. मागवताना सुकट किंवा सुंगट घातलेलं नाही ना, हे आवर्जून विचारा.

गाणं ऐकायला कुठे जायचं? डीजे नको, खरं गाणं हवं.

पणजीत फाडो ऐकायला मिळतो, हे महाराष्ट्रातल्या अनेकांना ठाऊकच नसतं. पोर्तुगालचं हे विरहाचं गाणं गोव्यात अजून जिवंत आहे. सोनिया शिरसाट या गोव्याच्या गायिकेने ते देशाबाहेरही नेलं. मळा-फोंतायन्हास भागात 'मादरागोआ' ही फाडो आणि मांडोला वाहिलेली लहानशी जागा आहे. कार्यक्रम ठरावीक दिवशी असतात आणि खुर्च्या मोजक्या, म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. गाणं चालू असताना तिथे बोलत नाहीत, ग्लासही वाजवत नाहीत. भाषा कळली नाही तरी चालतं. ज्याने नाट्यसंगीताची मैफल शांतपणे ऐकली आहे, त्याला तिथे कसं बसायचं ते शिकवावं लागत नाही.

मांडो म्हणजे कोकणीतलं, संथ लयीचं, बहुधा प्रेमाचं गाणं. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने ते ऐकायला मिळालं तर सोडू नका. डिसेंबरात शहरात होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात आणि इतर वेळी कला अकादमीतही संगीताचे कार्यक्रम असतात.

मांडवीवरच्या कॅसिनोंमध्ये जावं का?

जाण्याआधी तीन गोष्टी माहीत असू द्या. एक, वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. दोन, प्रवेशाच्या पॅकेजमध्ये बहुतेक ठिकाणी जेवण, पेयं आणि काही रकमेच्या खेळण्याच्या चिप्स धरलेल्या असतात. त्या चिप्स रोख करून मिळत नाहीत, म्हणून हिशेब नीट वाचा. तीन, फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला सरकारने बंदी केली आहे. त्यामुळे गोव्यात राहणाऱ्या तुमच्या मित्राला बरोबर नेता येणार नाही.

जावं का, यावर माझं मत विचाराल तर नाही. स्वस्त दारूच्या आशेने जाणारा माणूस खेळाच्या टेबलावर तिच्या कितीतरी पट देऊन येतो. नदीतच जायचं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

आम्ही पीत नाही / लहान मुलं सोबत आहेत. रात्री काय करावं?

मांडवी पुलाखालच्या सांता मोनिका जेट्टीवरून गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या बोटी संध्याकाळी निघतात. साधारण तासाभराची फेरी, वर देखणी, कोरेदिन्यो, फुगडी असे नाच. गर्दी असते, आवाज असतो, पण मुलं रमतात. सूर्यास्ताची फेरी घ्या.

शांतता हवी असेल तर पणजी-बेती फेरीबोट. पायी जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत, पाच-सात मिनिटांत पलीकडे, त्याच बोटीने परत. मधोमध आलं की शहराचे दिवे एका बाजूला, बेतीचा अंधार दुसऱ्या बाजूला. बारमध्येही न पिणाऱ्याला कुणी वेगळं पाडत नाही. कोकम सोडा किंवा ताजं लिंबू मागवून मित्रांबरोबर खुशाल बसा.

गोव्यात परवाना लागतो का? वयाची अट किती?

महाराष्ट्रासारखा पिण्याचा परवाना गोव्यात लागत नाही. वय मात्र २१ पूर्ण हवं, सगळ्या प्रकारच्या दारूसाठी एकच. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे २२ वर्षांच्या मुलांचा गोंधळ होतो. गोव्यात असताना गोव्याचा नियम. ओळखपत्र जवळ ठेवा, नव्या बारमध्ये विचारतात.

बार किती वाजता बंद होतात? 'ड्राय डे'ला काय?

ज्याच्या त्याच्या परवान्यानुसार. पणजीतल्या जुन्या जागा दहा-अकराला आवरतात, जादा शुल्क भरलेल्या काही जागा उशिरापर्यंत चालतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला रात्री दहानंतर देशभर मनाई आहे, म्हणून अंगणातलं गाणं दहाला थांबलं तर मालकाशी वाद घालू नका.

दारूबंदीचे दिवस बघूनच तिकीट काढा. निवडणुकीत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस दारूविक्री बंद असते, हा कायदा देशभराचा आहे. २ ऑक्टोबरलाही मिळण्याची आशा ठेवू नका. आणखी एक दिवस लोक विसरतात: गुड फ्रायडे. कायदा काहीही असो, ख्रिस्ती मालकांचे अनेक बार त्या दिवशी स्वतःहून बंद असतात. त्या दिवशी फोंतायन्हासमध्ये ग्लास शोधत फिरणं बरं दिसत नाही.

मिरामारला किंवा नदीकाठच्या कट्ट्यावर बाटली घेऊन बसलं तर?

बसू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर पिणं हा गोव्यात गुन्हा आहे. २०१९ मध्ये कायदा कडक झाला आणि तेव्हा दंड एकट्याला २,००० रुपये, गटाला १०,००० रुपये असा ठरला होता. दंडापेक्षा मोठं कारण वाळूत आहे. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा पहाटे अनवाणी चालणाऱ्यांच्या आणि मासेमारांच्या पायांत जातात. भाड्याच्या गाडीत बसून पिणंही याच वर्गातलं.

रात्री परत कसं जायचं? आमचं हॉटेल कळंगुटला आहे.

इथेच लोकांची सगळ्यात जास्त चूक होते. पणजीहून कळंगुट-बागा पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, आणि रात्री तिकडे जायला बस नसते. कदंबच्या बसगाड्या लवकर थांबतात. मुंबई-पुण्यात सवयीची ॲपं इथे उपयोगाची नाहीत. 'गोवा माइल्स' हे ॲप चालतं, पण रात्री उशिरा गाडी लगेच मिळेल असं धरू नका. उतरतानाच टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ आणि भाडं पक्कं करून ठेवा. शहरातल्या शहरात पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, संध्याकाळी मिळतात, रात्री विरळ.

भाड्याची दुचाकी घेऊन पिऊन जाऊ नका. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. भाड्याच्या गाडीची काळी पाटी आणि पिवळी अक्षरं पोलिसांना लांबून ओळखू येतात, पण पोलीस ही दुय्यम गोष्ट आहे. गोव्याचे रस्ते अरुंद, वळणांचे, कडेला दिवे नसलेले. त्यांच्यावर दरवर्षी पर्यटकांचेही जीव जातात. म्हणून पहिल्याच उत्तरात म्हटलं की पणजीची रात्र पणजीत मुक्काम करून घ्या. फोंतायन्हास, सां तोमे, मळा इथल्या घरांत राहायच्या खोल्या आहेत, बारपासून पलंगापर्यंत पाच मिनिटांची चाल.

बाईने एकटीने किंवा मैत्रिणींनी मिळून जावं का?

जावं. बायकांनी बारमध्ये बसणं पणजीत कुणाला नवल वाटत नाही, कितीतरी जुन्या जागांच्या काउंटरमागे बायकाच उभ्या असतात. फोंतायन्हास-सां तोमेच्या भागात दहा वाजेपर्यंत वर्दळ असते. तावेर्नांमध्ये मात्र गिऱ्हाईक बहुतेक पुरुषांचं असतं, तिथे पहिल्यांदा जाताना कुणी बरोबर असेल तर निवांत वाटतं. अकरानंतर खाडीकाठचा रुआ दि ओरेंचा रस्ता आणि कॅसिनोंच्या जेट्टीकडचा भाग एकटीने टाळावा. ग्लास नजरेआड ठेवू नये, आणि काही खटकलं तर सरळ मालकाला सांगावं. जुन्या जागांचे मालक अशा वेळी त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकाची पर्वा करत नाहीत, त्याला बाहेर काढतात.

फोंतायन्हासच्या घरांपुढे रात्री फोटो काढले तर चालतं का? लोक ओरडतात असं ऐकलं.

ओरडणारच. त्या रंगीत भिंतींच्या आत माणसं झोपलेली असतात. खिडकीखाली ट्रायपॉड लावून मोठ्याने हसणं, कुणाच्या पायरीवर बसून पोझ देणं, दाराची कडी धरून उभं राहणं, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलं. आता घराघरांवर फोटो न काढण्याच्या पाट्या आहेत. पाटी असेल तिथे थांबू नका. नसेल तिथे रस्त्यावरून, दिवसाउजेडी, चालता चालता एखादा काढा. नऊनंतर कॅमेरा पिशवीत आणि आवाज हळू. सां सेबास्तियांव चॅपेलच्या चौकातही हेच. एकोणिसाव्या शतकातलं ते चॅपेल वस्तीचं आहे, तिथे आजही प्रार्थना होते. या भागाचा रात्रीचा आनंद तिथे राहणाऱ्यांच्या सोशिकतेवर टिकून आहे. ती संपली तर बारही जातील.

कोणत्या महिन्यात यावं? पावसाळ्यात काही चालू असतं का?

गर्दीचा उत्साह हवा असेल तर कार्निव्हाल. लेंटच्या उपवासकाळाआधीचे चार दिवस, फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये, मोमो राजाच्या मिरवणुकीने शहर रस्त्यावर येतं. नोव्हेंबरात इफ्फी असतो. २००४ पासून हा चित्रपट महोत्सव पणजीत होतो आणि शेवटचा खेळ सुटला की बारमध्ये सिनेमावरचे वाद रंगतात. त्या दिवसांत खोल्या फार आधी घ्याव्या लागतात. फेब्रुवारीच्या सुमाराला मळ्याच्या मारुतीची जत्रा भरते, तेव्हा फोंतायन्हासशेजारचे रस्ते खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांनी भरतात. ती रात्र दारूविनाही पुरते.

पावसाळा माझ्या सगळ्यात आवडीचा. किनाऱ्यावरचे शॅक जूनमध्ये मोडून ठेवतात, पण पणजी चालूच असते. व्हेनितेच्या गॅलरीबाहेर पाऊस, आत फेणी. मासेमारी बंदीमुळे जून-जुलैत ताजे समुद्री मासे कमी मिळतात, तेव्हा चोरीस आणि सुके मासे आहेतच. उर्राकचा महिना वर सांगितलाच आहे.

तावेर्नामधून सुटी फेणी विकत घ्यावी का?

ओळखीच्या माणसाच्या ओळखीने घ्याल तर ती कित्येकदा बाटलीबंद फेणीपेक्षा सरस असते. अनोळखी ठिकाणी, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून कुणी दिली तर घेऊ नका. आत काय मिसळलं आहे ते तुम्हाला कळणार नाही, आणि अशी बाटली प्रवासातही नेता येत नाही. दुकानातून सीलबंद, लेबलवर 'काजू फेणी' असं स्पष्ट लिहिलेली घ्या.

घरी न्यायला बाटली घेतली. विमानाने आणि गाडीने महाराष्ट्रात आणता येते का?

दोन वेगळे नियम आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

विमान कंपन्यांचा नियम सुरक्षेचा आहे. २४ ते ७० टक्क्यांची दारू चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत, मूळ सीलबंद बाटलीत. फेणी यात बसते. हातातल्या सामानात बाहेरून घेतलेली बाटली चालत नाही, सुरक्षा तपासणीनंतरच्या दुकानातली चालते.

दारूबंदी व उत्पादन शुल्काचा नियम राज्याचा आहे आणि तो विमान, रेल्वे, गाडी सगळ्यांना सारखाच लागू. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असा शिक्का असलेल्या बाटलीवर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं, त्यामुळे परवानगीशिवाय ती महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा ठरतो. विमानतळावर कुणी अडवलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. रस्त्याने येताना बांद्याच्या पुढे इन्सुलीला तपासणी नाका आहे. तिथे गाड्या थांबवतात, डिकी उघडायला सांगतात, आणि माल सापडला तर बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. 'दोन बाटल्या चालतात' असं गोव्यातला दुकानदार सांगेल. नाक्यावर तो तुमच्या बाजूने उभा नसतो. पाठवायचीच असेल तर दुकानातून वाहतुकीचा परवाना कसा मिळतो आणि तो तुमच्या राज्यात मानला जातो का, हे दोन्ही राज्यांच्या उत्पादन शुल्क खात्यांकडे विचारून मगच बाटली गाडीत ठेवा.